सुगुणाअक्कांची निळी गाडी

सुगुणाअक्का कुणाचंही बोलणं मध्येच तोडत नसत. समोरचा अडखळला, शब्द शोधत राहिला, तरी त्याच्या तोंडात शब्द घालत नसत. मान किंचित उजवीकडे कलवून, नजर खाली ठेवून थांबत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, बाईंना ऐकू कमी येतं की काय. पण बोलणं पुरं झालं की त्यातले शेवटचे दोनतीन शब्द त्या स्वतःशी पुन्हा उच्चारत आणि मगच उत्तर देत. वॉचमनने सांगावं, उद्या पाणी येणार नाही. त्या म्हणत, "येणार नाही," क्षणभर थांबत आणि मग म्हणत, "सरि," म्हणजे तमिळमध्ये बरं. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती. ट्रंक कॉल जोडून देण्याच्या दिवसांत त्या तिथं लागल्या आणि त्या कामाची कुणाला गरज उरली नाही तेव्हा घरी आल्या. नोकरी गेली तरी सवयी गेल्या नव्हत्या. माझ्या घरून निघतानासुद्धा दारात उभ्या राहून त्या "ठेवते हं" म्हणत आणि जिना उतरू लागत.

मी मूळची सांगलीची. चेन्नईबाहेरच्या एका मोटारींच्या कारखान्यात कामाला होते आणि वेस्ट मांबलमच्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. पहिल्या मजल्यावर अक्का आणि त्यांचे यजमान गोपाळराव. एकदा जिन्यात मी आईशी फोनवर बोलत उभी होते. अक्का हातात भाजीची पिशवी घेऊन खालच्या पायरीवर थांबल्या. मला वाटलं त्यांना वाट हवी आहे, म्हणून मी बाजूला झाले. तरी त्या तिथंच. माझा फोन संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "तूं मराठी?" मी हो म्हटलं. "आम्हीही मराठीच. तंजावरचे," असं म्हणून त्यांनी मला कॉफीला आत नेलं.

त्यांचं मराठी मी तोवर कुठं ऐकलं नव्हतं. शब्द माझ्या पणजीच्या काळातले, हेल मात्र तमिळ. 'विचारते'च्या जागी 'पुसते', 'मला'च्या जागी 'मजला', आणि वाक्याचं शेपूट वर उचललेलं. अडलं की तमिळ शब्द आपसूक येई आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मामी मी सर्वांची आहे, तूं अक्का म्हण. गोपाळरावांना मात्र मीही इतरांसारखं 'राव सार'च म्हणत राहिले.

राव सार एन्नोरच्या एका वीजकेंद्रात नोकरीला होते. मांबलम स्टेशनवरून पहाटे गाडी धरायची, मध्ये बदलायची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं. शर्टाच्या खिशाच्या शिवणीत कोळशाची राख बसायची, ती कितीही धुतली तरी निघायची नाही, असं अक्का सांगत. त्यांची पाळी आणि एक्स्चेंजातली अक्कांची पाळी क्वचितच जुळे. एक घरात शिरे तेव्हा दुसरं चपला घालत असे. "आम्ही ह्या घरांत पाळीपाळीनें राहिलों," त्या एकदा म्हणाल्या. तक्रार म्हणून म्हणाल्या नाहीत. राव सार वाईट नव्हते, फक्त बोलत नसत. फ्रिज असो, पंखा असो, देवापुढची समई असो, घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी एकट्यानं जाऊन आणली होती. संध्याकाळी अक्का घरी येत तेव्हा ती वस्तू जागेवर बसवलेली असे. तुला कशी वाटते, असं विचारायची पद्धत नव्हती.

मी तिथं राहायला गेले तेव्हा राव सारांना कंपवात होऊन काही वर्षं झाली होती. हात थरथरायचा, पण खरा त्रास थरथरण्याचा नव्हता. त्यांचं सगळं शरीर हळूहळू कडक होत चाललं होतं. चालता चालता उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजत. आवाज इतका बारीक झाला होता की पंखा बंद केल्याशिवाय कळत नसे. एक वाक्य बोलायला त्यांना भलताच वेळ लागे. आणि तो वेळ त्यांना देणारं माणूस घरात होतं, हे त्यांचं नशीब म्हणायचं. ओठ हलू लागले की अक्का हातातलं काम थांबवून मान कलवून उभ्या राहत. कुकरची शिट्टी झाली तरी हलत नसत.

दर महिन्याला त्यांना अड्यारच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. रिक्षात चढणं बंद झालं होतं, म्हणून अक्का फोनवरून टॅक्सी बोलवत. टॅक्सीवाले हळू चढणारं गिऱ्हाईक पाहून तोंड वाकडं करत. काही जण दुरूनच पाहून निघून जात. एका सकाळी राव सार एक पाय गाडीत, एक रस्त्यावर अशा अवस्थेत थिजले. मागून बसवाल्यानं हॉर्न वाजवला, ड्रायव्हर घाबरला आणि गाडी हातभर पुढं सरकली. राव सार तोंडावर पडले. हनुवटीला टाके घालावे लागले. त्या संध्याकाळी अक्का वर माझ्याकडे आल्या, खुर्चीवर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हांस वंडी घ्यायची आहे. लहानशी, पेन्शनींत बसेल अशी. तुजला गाड्यांचें कळतें."

मी म्हटलं, मला गाडीतलं फक्त दार कळतं. बिजागरी, दार किती उघडावं, किती जोरात मिटावं, कारखान्यात माझं काम तेवढ्यापुरतंच होतं.

"आम्हांस दारच पाहायचें आहे," त्या म्हणाल्या.

चालवणार कोण, असं मी विचारलं. मी शिकेन, असं त्यांनी सांगितलं. त्यांची साठी उलटून गेली होती. मुलगा कॅनडात होता. त्यानं फोनवर बराच वेळ समजावलं, की आई, या वयात हे काय, त्यापेक्षा महिन्याच्या बोलीवर ड्रायव्हर ठेव. अक्कांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, "ड्रायव्हर ठेव," हे शेवटचे शब्द पुन्हा म्हटले आणि मग सांगितलं की ठेवणार नाही. परक्या माणसाला त्यांच्यासाठी थांबणं जमत नाही, मी पाहिलं आहे, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर आमचे शनिवार शोरूममध्ये जाऊ लागले. मी माझ्या मैत्रिणीची गाडी मागून आणायची, राव सारांना पुढं बसवायचं, अक्का मागं. पहिल्या शोरूममध्ये काचेसारखी गुळगुळीत फरशी होती आणि विक्रेता तरुण, चटपटीत. त्यानं मायलेज सांगितलं, डॅशबोर्डवरचा पडदा दाखवला, त्यावर गाणी कशी लागतात ते दाखवलं. मग घरातले पुरुष म्हणून राव सारांकडे वळून त्यांना काय हवं ते विचारलं. राव सारांचे ओठ हलू लागले. आवाज आला नाही. विक्रेत्यानं थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं आणि तोच प्रश्न मला विचारला.

"ते बोलताहेत," अक्का त्याला तमिळमध्ये म्हणाल्या. "थांबा."

तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. पलीकडे कुणाच्या तरी नव्या गाडीला हार घालून फोटो काढत होते. अक्का मान कलवून फरशीकडे पाहत होत्या. अखेर राव सारांचा आवाज आला. त्यांनी विचारलं होतं, डिक्कीत चाकाची खुर्ची मावेल काय.

घरात चाकाची खुर्ची नव्हती. तिचा विषयही कधी निघाला नव्हता. अक्कांनी सवयीनं शेवटचे शब्द उच्चारले, "मावेल काय." विक्रेत्यानं लगबगीनं डिक्की उघडली. तिच्यात दोन बॅगांपुरती जागा होती.

त्या दिवशी आम्ही दुसरी गाडी न बघताच परतलो. पुढच्या शनिवारी मात्र राव सार आधीच तयार होते. दाढी झालेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि शर्टाची बटणं, अक्कांनी मला हळूच सांगितलं, त्यांची त्यांनी लावलेली.

आम्ही बऱ्याच गाड्या पाहिल्या. अक्कांची परीक्षा साधी होती. गाडी कशी पळते ते त्या बघत नसत. राव सार स्वतः बसू शकतात का आणि स्वतः उठू शकतात का, एवढंच बघत. एक जुन्या गाड्यांचा मोठा बाजार होता, तिथं स्वस्तात एक चांगली गाडी मिळत होती. राव सार बसले, पण सीट फार खाली होती. त्यांना उठता येईना. दोन माणसं धावली आणि काखेत हात घालून त्यांना ओढू लागली. राव सारांचा चेहरा ताठ झाला, डोळ्यांतून पाणी आलं. अक्कांनी त्या दोघांना सोडायला लावलं. मग त्या वाकल्या आणि राव सारांच्या दोन्ही पायांना हात लावून ते एकेक करून बाहेर काढले, जमिनीवर टेकवले, आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. तुमचें सावकाश होऊं द्या, म्हणाल्या. उन्हात आम्ही बराच वेळ उभे होतो. बाजाराचा मालक छत्री घेऊन आला आणि काही न बोलता त्यांच्या डोक्यावर धरून राहिला. राव सार उठले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं ओला झाला होता. ते अक्कांना म्हणाले की ही नको. अक्का म्हणाल्या, नको.

बाहेर पडलं की आम्ही एका लहानशा हॉटेलात जात असू. राव सारांसाठी अर्धा पेला कॉफी, म्हणजे हात थरथरला तरी सांडत नसे. ती दोघं त्या दिवशी पाहिलेल्या गाडीबद्दल बोलत. राव सार एक वाक्य बोलत, त्याला बराच वेळ जाई, मग अक्का एक बोलत. बाजूच्या टेबलावरची माणसं येत, खात, उठून जात, नवी येत, यांचं बोलणं तेवढ्यात दारावरून खिडकीपर्यंत पोचलेलं असे. अशाच एका शनिवारी हात धुवायला गेलो असताना अक्का मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून आम्ही दोघें मिळून घेतलेली ही पहिली वस्तू. अजून घेतली नाहीं, तें सोड."

सापडली ती गाडी ठेंगणी, रुंद, उंच छपराची होती. मुलांच्या चित्रातल्यासारखी चौकोनी. सीट बरोबर खुर्चीच्या उंचीला. दार जवळजवळ काटकोनात उघडत होतं, तेवढं मला कळत होतं. राव सार मागं वळले, बसले, पाय आत घेतले, आणि थोड्या वेळानं पाय बाहेर काढून आपले आपण उठले. अक्कांनी पुन्हा बसायला सांगितलं. ते पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्या वेळी त्यांना हसू आलं. त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू कडक झाले होते, त्यामुळे त्यांचं हसणं डोळ्यांत शोधावं लागे, पण ते होतं.

सगळ्यांत खालचं मॉडेल घ्यायचं ठरलं. पांढरी गाडी तयार होती, चार दिवसांत मिळाली असती. अक्का राव सारांकडे वळल्या आणि कोणता रंग, असं त्यांना पुसलं. ते बराच वेळ कागदावरच्या रंगांच्या ठिपक्यांकडे पाहत राहिले. मग निळ्यावर बोट टेकवलं. पांढरं राखेनं मळतं, असं त्यांनी सांगितलं. मांबलममध्ये कुठली राख, पण अक्कांनी निळ्यावरच खूण करायला सांगितली. निळी गाडी यायला दीडदोन महिने लागणार होते. अक्का म्हणाल्या, परवाइल्लै, हरकत नाहीं, थांबूं.

ते दोन महिने त्या गाडी शिकायला जात होत्या. सकाळी साडीला पिना लावून, पायात बूट घालून त्या गल्लीच्या टोकाशी उभ्या राहत, आणि राव सार बाल्कनीतून बघत. शिकवणारा मास्तर मला भेटला तेव्हा म्हणाला की मामी चांगल्या चालवतात, पण कुणीही हॉर्न वाजवला की थांबून त्याला आधी जायला देतात. मागं घेताना पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. महिन्याभरानं पास झाल्या आणि त्या दिवशी त्यांनी पायसम केलं. मी खाली गेले तेव्हा राव सारांनी वाटीला हात लावला नव्हता.

त्या दोन महिन्यांत राव सारांच्या मनात काहीतरी बिघडलं होतं. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणे, की या दुखण्यात पुढं पुढं मन फिरतं, भास होतात, संशय येतो. सुरुवातीला बारीकसारीक होतं. कोपऱ्यात कुणी बसलंय, अशी त्यांनी एकदोनदा तक्रार केली. मग एक दिवस अक्का मुलाशी फोनवर बोलत होत्या. मुलगा म्हणत होता की बाबांसाठी वृद्धांचं एखादं चांगलं होम बघून ठेवायला हवं, आणि अक्कांनी सवयीप्रमाणे शेवटचे शब्द पुन्हा म्हटले, "होम बघून ठेवायला हवं." उत्तरात त्या नकोच म्हणाल्या होत्या. पण राव सारांनी ऐकला तो एवढाच तुकडा, अक्कांच्या तोंडून आलेला.

गाडी आली त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. अक्कांनी गल्लीतल्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळासमोर गाडीला कुंकू लावलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि ती चिरडत गाडी पुढं घेतली. मग राव सारांना आणायला आम्ही दोघी वर गेलो. ते खुर्चीत बसले होते. शर्ट बदललेला नव्हता. अक्कांनी हात पुढं केला तेव्हा त्यांनी आपला हात मागं घेतला.

"मजला कोठें सोडणार आहेस?" ते म्हणाले. इतकं स्पष्ट वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मीच मध्ये पडून काहीबाही सांगू लागले, की असं काही नाही, तुमच्यासाठीच तर गाडी घेतली. अक्कांनी मला हातानं थांबवलं. राव सारांना अजून बोलायचं होतं. ते सगळं त्यांनी सांगितलं, तुटक, थांबत थांबत. दार मोठं का पाहिलं ते मला कळलं आहे, म्हणाले. तूं आणि तुझ्या मुलानें जागा ठरवली आहे. तेथे मजला उतरवून तूं परत येणार. अक्का शेवटपर्यंत मान कलवून ऐकत राहिल्या. सगळं संपल्यावर स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडला. नळाखाली भांडं नव्हतं.

त्यानंतर राव सार गाडीत बसेनात. डॉक्टरांकडेही जाईनात. औषध बदलायचं तर डॉक्टरांनी पाहायला हवं होतं आणि पाहायला न्यायचं तर गाडीत बसायला हवं होतं. अक्कांनी टॅक्सी बोलावून पाहिली, त्यातही ते बसले नाहीत. शेजारच्यांनी सुचवलं की चार माणसं मिळून उचलून बसवू. अक्कांनी ते ऐकूनही घेतलं नाही. स्वतःला ऐकवेना म्हणून दुसऱ्याचं बोलणं त्यांनी अर्ध्यात तोडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग त्यांनी एक सुरू केलं. रोज सकाळी नाश्ता झाला की त्या राव सारांना बाल्कनीत खुर्चीवर बसवायच्या, खाली जायच्या, गाडी बाहेर काढायच्या आणि गल्लीतून निघून जायच्या. बाजारावरून, रेल्वेच्या भिंतीकडून, देवळापाशी वळून परत यायच्या. गाडी जागेवर लावून वर यायच्या आणि विचारायच्या, आलें की नाहीं. राव सार उत्तर देत नसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. लोकांना वाटलं म्हाताऱ्या मामींना नव्या गाडीची हौस आहे. पेपरवाला हसायचा. पहिले काही दिवस राव सार रस्त्याकडे पाठ करून बसत. पुढं पुढं ते बघू लागले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली की त्यांचा हात कठड्यावर जोरात थरथरायला लागे, आणि ती पुन्हा दिसेपर्यंत तो तसाच राही. मी कामाला निघताना हे पाहत असे. कंपनीची बस चुकेल अशी धास्ती असे, पण ती गाडी परत आल्याशिवाय पाय निघत नसत.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. पावसाळा होऊन गेला होता एवढं आठवतं. एका रविवारी सकाळी अक्कांनी मला हाक मारली. राव सार चपला घालून दाराशी उभे होते. त्यांना गाडीत बसायचं होतं. कुठं जायचं, तर एन्नोरला.

मी मागं बसले. अक्कांनी एवढी लांब गाडी कधी नेली नव्हती. समुद्राच्या कडेनं, बंदराच्या बाजूनं आम्ही उत्तरेला निघालो. पुढं कंटेनरचे ट्रक सुरू झाले, एकामागे एक, आमच्या गाडीच्या दुप्पट उंचीचे. अक्का स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, ओठ मिटून चालवत होत्या. घामानं त्यांच्या पाठीला ब्लाउज चिकटला होता. राव सार बाहेर बघत होते. कोळी लोकांच्या वाड्या गेल्या, वाळत घातलेली जाळी गेली, हवेला तो जळका वास यायला लागला. झाडांची पानं करडी दिसत होती.

ते ज्या वीजकेंद्रात कामाला होते ते बंद पडून बरीच वर्षं झाली होती. ओसाड मैदान, गंजलेलं फाटक, आत वाढलेली वेडी बाभळ. अक्कांनी फाटकासमोर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. खाडीवरून वारा येत होता. राव सार फाटकाकडे पाहत राहिले. कोण आत जाईल, कोण बाहेर येईल, असं काहीतरी ते शोधत होते. खूप वेळानं त्यांचे ओठ हलू लागले. अक्कांनी मान कलवली.

"ड्यूटी सरली काय?" त्यांनी विचारलं.

"सरली," अक्का म्हणाल्या. "चला, घरास जाऊं."

परतीच्या वाटेवर राव सार झोपले. अक्कांनी एका सिग्नलला त्यांची मान सरळ केली आणि पिशवीतल्या टॉवेलची घडी करून खिडकीच्या बाजूला लावली. मी मागून फक्त अक्कांचा गाल पाहू शकत होते. तो ओला होता, आणि पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

त्यानंतर ते तीनचार वेळा गाडीतून अड्यारला गेले. नवं औषध सुरू झालं, संशय थोडा ओसरला, पण शरीर खचत चाललं होतं. घास गिळता येईना. जानेवारीत छातीत कफ साठला आणि एका दुपारी श्वास लागला. अक्कांनी किल्ली हातात घेतली होती. पण बसवण्यासारखी अवस्थाच नव्हती, त्यांना ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. त्या मागून निळी गाडी घेऊन गेल्या. पाचव्या दिवशी राव सार गेले.

मुलगा आला, दिवस केले, घरातली कामं उरकली. गाडी विकून टाक असं त्यानं आईला बरेचदा सांगितलं. तुला एकटीला कुठं जायचं असतं, वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग, कशाला ते. अक्का "कशाला तें," एवढंच म्हणाल्या. तो परत गेला. त्यांच्या बाल्कनीचं दार नंतर मला बंदच दिसे. मी खाली गेले की कॉफी करत, माझ्या कामाबद्दल विचारत, राव सारांबद्दल फारसं बोलत नसत. एकदा फक्त म्हणाल्या की पांढरी घेतली असती तर दोन महिने आधी मिळाली असती.

मला पुण्यात नोकरी मिळाली. सामान आधी पाठवून दिलं होतं. निघायच्या दिवशी दुपारी अक्कांचा निरोप घ्यायला मी पहिल्या मजल्यावर गेले तर दाराला कुलूप. मांबलमच्या बाजारात गेल्या असतील म्हणून मी बॅग घेऊन खाली आले. वॉचमनला विचारलं, तर त्यानं आवाज खाली करून पार्किंगकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की मामी रोज या वेळेला तिथंच असतात.

खांबाच्या सावलीत निळी गाडी उभी होती. चारही काचा उतरवलेल्या. अक्का ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या आणि मांडीवरच्या स्टीलच्या डब्यातून दहीभात खात होत्या. समोर भिंत होती, तिच्याकडे बघत सावकाश एकेक घास घेत होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी जेवण थांबवलं नाही, फक्त जरा सरकून बसल्या.

"घरांत गिळवत नाहीं," त्या म्हणाल्या.

मी खिडकीतून हात आत घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला. रस्त्यावर माझी टॅक्सी येऊन उभी होती. जा, उशीर होईल, असं त्यांनी मला सांगितलं. फाटकापर्यंत जाऊन मी वळून पाहिलं. त्यांनी डबा संपवला होता, बाटलीतल्या पाण्यानं खिडकीबाहेर हात धुतला, आणि डब्याचं झाकण लावून तो मांडीवर धरून त्या तशाच बसून राहिल्या.